गालबोट

कंपनी बंद पडली त्या वर्षी
लिलावात मी माझंच मिलिंग मशीन विकत घेतलं.
सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत ते बसवलं,
सोफा गेला मेहुण्याकडे.
मंदाकिनी म्हणाली, आता पाहुण्यांना काय
व्हाइसमध्ये धरायचं?

पोरगी डावखुरी.
क्लबातल्या सगळ्या एअर रायफली उजव्या हाताच्या.
गाल टेकायचा उठाव भलत्याच बाजूला,
तीन वर्षं मान वाकडी करून नेम धरतेय कस्तुरी.
डावखुऱ्यांचा दस्ता परदेशातून येतो.
किंमत ऐकून मी आकडा पुन्हा विचारला,
पुन्हा तोच होता.

अंबड लिंक रोडच्या भंगारात
गफूरभाईंनी ढिगाखालून ओढून काढला
साठ-एकसष्टचा ठोकळा.
ओझरच्या विमानातला आहे, म्हणाले.
भंगारातलं सगळंच ओझरच्या विमानातलं असतं.
मी नखानं वाजवून पाहिला,
घासाघीस न करता पैसे दिले.

मग मापं.
दहावीनंतर आमचं बोलणं उरलं होतं
जेवायला चला, चार्जर कुठाय, एवढंच.
आता ती भिंतीला पाठ लावून उभी
आणि मी व्हर्निअर घेऊन.
कोपर ते बोटाचं पेर.
खांद्याचा खळगा.
गालाच्या हाडापासून बुबुळाच्या रेषेपर्यंत
अडतीस मिलिमीटर.
वहीत आकडा लिहिताना दिसलं,
हनुवटी हिनं माझ्या आईची घेतलीय.
"गार लागतंय," ती म्हणाली.
मी व्हर्निअरचे जबडे मुठीत धरून ऊब दिली
आणि पुन्हा लावले.

ॲल्युमिनियम लोखंडासारखं भांडत नाही,
चिकटतं.
घाई केली की कटरलाच बिलगून बसतं.
ब्रशनं रॉकेल लावत राहायचं, थोडं थोडं,
आणि कान उघडे ठेवायचे.
कीस उडायचा खोबऱ्यासारखा,
पायपुसण्यात, चपलांत,
एकदा पोह्यांतही.

"अजून दोन सूत," मी स्वतःशीच पुटपुटायचो.
सूत म्हणजे काय, तिनं विचारलं.
इंचाचा आठवा भाग.
"एवढं जाड?"
ती ज्याच्यावर नेम धरते तो दहाचा ठिपका
अर्ध्या मिलिमीटरचा.
माझ्या एका सुतात तसे सहा ठिपके बसतात.
मी तीस वर्षं कसल्या बारकाईच्या गप्पा मारत होतो
कोण जाणे.

गुरुवारी रात्री
गालाचा तुकडा शेवटच्या हातावर असताना
लाईट डोळा मिटून उघडली.
तेवढ्यात कटर खाली चावला.
गव्हाच्या दाण्याएवढा खड्डा.
नवीन तुकड्यापुरता ठोकळा उरला नव्हता.
क्वालिटीच्या कुलथ्यांनी असा पीस
लाल रंग मारून कोपऱ्यात फेकला असता,
आणि मी त्यांच्याशी वादही घातला नसता.

सातपूरला ॲनोडायझिंगला दिला तेव्हा
खड्ड्यावर अंगठा ठेवूनच दिला.
काळा होऊन आला.
खड्डा जरा जास्तच काळा.

दस्ता चढवला, तिनं गाल टेकवला.
मान पहिल्यांदाच सरळ.
मी घाईघाईनं सांगून टाकलं, ते एम-सीलनं भरता येईल,
वर काळा रंग, कळणारही नाही.
तिनं न बघता बोटानं चाचपलं.
"राहू दे. गालबोट आहे."

मी नट आवळायला खाली वाकलो,
बराच वेळ आवळत राहिलो.

पहिली गोळी नऊ पूर्णांक चार.
दुसरी त्याच्याही बाहेर.
"बाबा, वजन दोनशे ग्रॅमनं जास्त आहे."

रविवारी दस्ता परत मशीनवर चढवला,
पोटातून भोकं पाडायला.
ती रॉकेलचा ब्रश घेऊन शेजारी उभी,
डाव्या हातात.
मला मशीनच्या त्या बाजूला सरकावं लागलं
जिथं मी आजवर कधी उभा राहिलो नव्हतो.