मोजमाप

चेंबूर सुटेपर्यंत मी तीनदा शिवी गिळली.
चौथी बाहेर पडली तेव्हा मागच्या सीटवर
डब्यातलं वालाचं बिरडं सांडलं होतं
आणि बापू खिडकीबाहेर बघत होते.

अक्षीला आत्याकडे निघालो होतो,
पहाटेच, रस्ता मोकळा मिळेल म्हणून.
मोकळा होताच.
इतका, की वरचं डांबरही निघून गेलेलं,
पेव्हर ब्लॉक म्हाताऱ्याच्या दाढांसारखे हलणारे,
एका खड्ड्यात कुणीतरी उंबराची फांदी रोवलेली,
तिला लाल पोलक्याची बाही बांधलेली
आणि फांदीला, खरं सांगते, पालवी फुटलेली.
म्हणजे किती दिवस झाले ते तुम्हीच मोजा.

मीही मोजत होते, मोठ्यानं.
रोड टॅक्स. शॉकअप बदलले त्याचे साडेअकरा हजार.
कमरेचा पट्टा. त्याच्या आधीचा कमरेचा पट्टा.
"या लोकांना ना, याच खड्ड्यात उभं करून वरून…"
"डावीकडून घे," बापू म्हणाले.
मी उजवीकडून घेतली.

मानखुर्दच्या अलीकडे
खालून कुणी परात आपटावी तसा आवाज आला
आणि गाडी एका कुशीवर कलली.

समोरच पंक्चरचं दुकान. अर्थात समोरच.
इद्रिसनं चाक काढलं, रिम बोटानं चाचपली,
मग उठून पत्र्यावर खडूनं एक रेघ ओढली.
"आजच्या तुम्ही नवव्या, ताई."
कॅरमचे गुण लिहावेत तसा, बिनरागाचा.
सात वाजायचे होते अजून.

मी व्हिडिओ काढायला वळले, तक्रारीसोबत जोडायला,
तर मोबाईलच्या चौकटीत बापू.
एकोणऐंशी वर्षांचे, पांढरा बुशशर्ट,
इद्रिसची टॉमी घेऊन खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसलेले.
टेम्पो त्यांना वळसा घालून हॉर्न देत जात होते.
ते काठ खरवडत होते,
हलक्या हातानं, खरवस सोडवावा तसा.

"हे वरचे थर नंतरचे," ते म्हणाले.
"चार वेळा मुलामा झालाय. हा बघ, हा, हा.
ही खाली खडी दिसते ना? ही माझ्या वेळची."

मग त्यांनी बोट खाली घातलं,
नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत,
आणि वर काढून उजेडात धरलं.
"पुस्तकात मी नऊ इंच लिहिलंय."
बोट तसंच धरलेलं.
"खाली सही आहे."

मी काही विचारलं नाही.
ज्या वर्षी ते मानखुर्दच्या कामावर होते
त्या वर्षी आमच्याकडे निळी कायनेटिक आली होती.
आई म्हणाली होती, फंडातून घेतली.
तिच्यावरच मी गाडी शिकले,
कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर,
आणि बापू मागून धावत ओरडायचे,
डावीकडून घे गं, डावीकडून!

व्हिडिओ अजून चालूच होता.
त्यात माझा आवाज नाही,
फक्त हॉर्न, आणि एक बोट
मातीनं अर्धंच भरलेलं.

इद्रिसनं साडेतीनशे घेतले,
टॉमी परत मागून घेतली, पुसली.
बापूंनी हात धुवायला पाणी मागितलं
आणि बराच वेळ एकच बोट धूत राहिले.

गाडीत हिंग आणि खोबऱ्याचा वास कोंदला होता.
खाडीपुलाच्या चढापर्यंत कुणी बोललं नाही.
खरं तर मला पुन्हा शिव्या द्यायच्या होत्या,
जीभ सवयीनं उचललीही जात होती,
पण कुणाला द्यायच्या तेवढं ठरेना.

निघताना आरशात पाहिलं होतं:
मागून आलेली एक पांढरी गाडी
त्याच खड्ड्यात बसली, उठली, कडेला थांबली,
आणि इद्रिस खडू शोधत होता.
बापूंना मागे वळायची गरज नव्हती.
"दहा," ते म्हणाले.