दोनची नोंद

एकलहऱ्याला पाचशे चाळीस अंशांची वाफ
मी चौतीस वर्षं नजरेखाली ठेवली.
पॅनेलसमोर खुर्ची, दर तासाला नोंद,
शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: ठीक.

आता देवळाली कॅम्पात
खोर्शेदबाईंच्या बंगल्यातली बिडाची शेगडी माझ्याकडे आहे.
गोऱ्या साहेबाच्या वेळच्या फायरप्लेसच्या पोटात
सातपूरच्या फॅब्रिकेटरकडून बसवून घेतलेली.
पुढे काच, आणि धुराड्याच्या नळीवर
लोहचुंबकाने चिकटलेली बशीएवढी तबकडी.
पोरगा हसतो. म्हणतो, अण्णा,
दोनशे दहा मेगावॅटवरून इथे उतरलात.
हसू दे.
काटा तो काटाच.

लाकूड मुनीरभाई आणतो भगूरहून,
यंदा निफाडकडच्या उपटलेल्या द्राक्षबागेची खोडं.
मी दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघतो.
खणखणलं तर उतरव, बद्द वाजलं तर परत ने.
बद्द म्हणजे आत पाणी आहे,
आणि पाणी आधी स्वतःला उकळून घेतं,
मग उरलीच तर तुम्हाला ऊब.

पेटवताना हवा सगळी मोकळी सोडायची.
काटा दीडशेला येईस्तोवर
कुणाशी बोलायचं नाही, चहासुद्धा नाही.
मग झडप बोटभर लोटायची. थांबायचं.
पुन्हा बोटभर.
दोनशेच्या आसपास कधीतरी, रोज नाही,
ज्वाळा लाकूड सोडून वरच्या वर तरंगायला लागतात.
तो धूरच पेटलेला असतो.
वाया जायचं तेच सगळ्यात देखणं जळतं,
असं मी वहीत लिहिलं नाही. रकाना लहान आहे.

बाईंची रीत वेगळी.
मी घरी गेलो की त्या झडप पुरती लावून टाकायच्या.
"लाकूड पुरते ने, गांगुर्डे."
सकाळी काच काळीठिक्कर, काटा शंभराच्या खाली.
शेवटी एका रविवारी नळी खोलून दाखवली.
आत डांबर, काकवी आटून चिकटावी तसं, चकचकीत.
म्हटलं, बाई, कोंडली म्हणून आग शिल्लक राहत नाही,
ती भिंतीला चिकटून बसते,
आणि एखाद्या रात्री सगळी एकदम वसूल करते.
त्या बराच वेळ नळीत बघत राहिल्या.
"माझा रुस्तम असाच होता," म्हणाल्या,
आणि ब्रुन पावाचे भाव काढून बसल्या.

जानेवारीत पारा पाचवर आला त्या आठवड्यात
बाईंना ताप भरला.
मी रात्री तिथेच थांबलो.
वहीत एक उभी रेघ जादा ओढली,
अलीकडे धुराडं, पलीकडे बाई.
अकरा वाजता एकशे नव्वद; एकशे एक पॉइंट चार.
बाराला दोनशे पाच; एकशे एक.
एक सेल्सियसमध्ये, एक फॅरनहाइटमध्ये,
बेरीज करता येत नव्हती, तरी करत होतो.

मग माझा डोळा लागला.
नोकरीत कधी लागला नव्हता.

जागा झालो तेव्हा पहाटेचे चार.
आत नवा ओंडका, साल वर करून, मी ठेवतो तसा.
झडप बोटभर उघडी.
काटा दोनशेवर.
बाई शाल पांघरून खुर्चीत, तोंड उघडं, घोरत.
वहीत दोनच्या ओळीत आणि तीनच्या,
गुजराती आकडे, पाय वाकडे झालेले,
रेघेच्या दोन्ही बाजूंना.
शेऱ्याच्या रकान्यात मोडक्या मराठीत:
गांगुर्डे झोपते. बाकी ठीक.

सहाला दूधवाला फाटकातूनच ओरडला,
चिमणीला धूर नाही, शेगडी बंद काय?
मी बाहेर येऊन वर पाहिलं.
कौलांवर नुसती हवा हलत होती,
आणि तिच्यामागे आंब्याची पानं
थोडी थोडी वितळल्यासारखी.
चालू आहे, म्हटलं. अर्धा लिटर जास्त दे.