पाचवी नळी

चार नळ्या वाया गेल्या, पाचवी हातात आहे.
जर्मन सिल्व्हरची, बाहेरून साडेनऊ मिलिमीटर,
भिंत इतकी पातळ की नखाने टिचकी मारली
तर शेडभर घुमते.

पहिली मी शेगड्यात आवळली.
शेगडा नवऱ्याचा. हलकं धरणं
त्या दोघांनाही कधी जमलं नाही.
नळी लंबगोल झाली.

दुसरीवर चाकाचा कटर फिरवला,
नळजोडणीवाल्यांचा असतो तसला.
काप सरळ आला, अगदी सरळ,
पण तोंड आत वळलं, कवळी काढल्यावर माझे ओठ वळतात तसं,
आणि जोडाचा दुसरा तुकडा दारातच अडला.

तिसरीभोवती कागदाची पट्टी गुंडाळली,
कडेला कड जुळवून पेन्सिलीने रेघ ओढली.
रेघेचा दोष नव्हता. करवत तिच्यापासून निघाली
आणि फिरून परत आली तेव्हा
एक केस वर होती.

चौथीचं सांगत नाही.

वेस्टेरी फोनवर होता, लुलेओहून.
काठी त्याचीच, बांबूच्या सहा चिपा चिकटवून केलेली.
त्याच्या हातांना आता कंप आहे, गळही बांधता येत नाही,
कान मात्र शाबूत.
"फोन बाकावर ठेव, हेल्वी, आणि काप."
मी करवत दोनदा ओढली असेल.
"थांब. ओरडते आहे ती.
आतून पोकळ, म्हणून भिंत थरथरते
आणि दात अडकतात.
पोटात काहीतरी घाल तिच्या."

लाकूड ठासलं तर निघायचं नाही.
मेण हवं, तर मेणबत्त्या नाताळातच संपलेल्या.
खिडकीतून पाहिलं: उणे सव्वीस,
तळं नोव्हेंबरपासून झाकलेलं.
अख्खा देश गोठून पडलाय
आणि मी मेण शोधतेय.

खाली राईच्या पावाच्या गोळ्याचं बूच.
वरचं तोंड उघडं, पाण्याला फुगायला जागा लागते.
पायरीवरच्या बर्फात नळी उभी रोवली.
सकाळी तिने टोपी घातली होती,
मसुराएवढी.

कापली शेडच्या दारातच, शेगडीपासून लांब.
लाकडी ठोकळ्याला गोल भोक, भोकात नळी,
करवत सोनाराची.
एका जागी खोल जायचं नाही.
थोडं कापायचं, थोडं फिरवायचं,
सगळीकडून सारखंच आत शिरायचं.

फोनमध्ये वेस्टेरीचा श्वास ऐकू येत होता.
"आता बोलत नाही ती," तो म्हणाला. "बरं."

पंधरा मिनिटं लागली, की चाळीस.
बोटं कुणाची ते कळेना.
तुकडा सुटला तो काडी मोडावी एवढ्याच आवाजाने.
तळहातावर धरला, बर्फ पाघळून
मनगटावरून बाहीत गेला,
आणि नळीतून पलीकडचे बर्च दिसले
एका वर्तुळात, कुठेही न चेपलेले.

मोजलं. बत्तीस हवे होते.
एकतीस पूर्णांक आठ.
"कानशीने कमी करता येतं," मी म्हणाले,
"वाढवता येत नाही."

बराच वेळ तिकडून काही नाही.
मग, "कड कशी आहे?"
अंगठा फिरवला, एक पूर्ण फेरी.
"अडत नाही कुठेच."
"मग कापायला शिकलीस," तो म्हणाला.
"मोजायचं उद्या शिक."

सहावी पायरीवर उभी केली.
कालचं बूच कुठल्याशा पक्ष्याने नेलं होतं.
पावाचा नवा गोळा मळायला घेतला,
बाही अजून ओलीच.