रेचक

आमच्या घरकुलात पाणी चार दिवसांआड येतं,
तेही रात्री, दोन-अडीचला कधीतरी.
आधी नळ खाकरतो,
मग गल्लीत कुणीतरी ओरडतं, "येलालंय बे!"
आणि घराघरांत मोटारी सुरू होतात.

माझी अर्ध्या हॉर्सपॉवरची.
एकतीस वर्षं लूमवर जॉबर होतो मी.
चाक, पट्टा, शाफ्ट, हात ठेवला की दुखणं कळायचं.
मोटार अशी बसवलीय
की लायनीतला शेवटचा थेंबही माझ्याकडे वळावा.

पहाटे साडेपाचला शिलवंती बिराजदार बाई
समाजमंदिराच्या गच्चीवर योग शिकवतात.
आम्ही सातजण, आपापला टॉवेल अंथरून.
माझा सेकंड माल, काठाला धागा सुटलेला.
खटखटीत कान गेले, म्हणून मी पुढे बसतो.

"घ्यायला सगळ्यांनाच येतं," बाई म्हणतात.
"सोडायला शिका.
आत गेलेला श्वास तुमचा नव्हताच,
कुणीतरी सोडला म्हणून तुम्हाला मिळाला."

चार मोजून घेतो, आठ मोजून सोडतो.
उभ्या जन्मात कुणाला काही दिलं
आणि मोजलं नाही, असं आठवत नाही.

परवा रात्री टाकी भरली, पिंप भरलं,
बादल्या, कळशा, नातीचा टब.
मग मी कढई काढली.
कढई!
अंबुबाई झोपेतच तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
माझ्याबद्दलच असणार.

कढई हातात घेऊन उभा राहिलो.
मोटार नुसती ओढत होती.
पूरक, पूरक, पूरक.
गल्लीच्या टोकाला मैबूनबी राहते,
हजार विड्या वळून झाल्यावर
नळाखाली घागर लावून बसते.
तिच्या नळाला बहुतेक वेळा हवाच येते.

बटण बंद केलं.
ऐकू तर काही येत नाही मला,
म्हणून पाइपावर तळवा ठेवला,
जसा शाफ्टवर ठेवायचो.
थरथर होती. गार.
पाणी माझ्या दारावरून पुढे चाललं होतं.
बराच वेळ हात तसाच राहिला.

आता खोटं कशाला बोलू,
सकाळी मुद्दाम ओट्यावर बसलो.
मैबूनबी आली, म्हणाली,
"पालिकेला अक्कल आली वाटतं, चाचा,
काल दोन घागरी जास्त मिळाल्या,"
आणि गेली शेंगा निवडायला.
ओठापर्यंत आलेलं गिळलं,
पण ते खाली उतरेना.
गच्चीवर गेल्यावर बाईंना सांगून टाकलंच.
बाईंनी ऐकून घेतलं,
मग म्हणाल्या, "कंबर सरळ ठेवा."

आज पुन्हा पाण्याचा दिवस.
दोन वाजून गेलेत, मी बटणापाशी बसलोय.
तळव्याखाली नळ खाकरतोय.
मोजायचं नाही, असं ठरवलंय.
पाच.
सहा.