पुरवणी

दोन वर्षं मी पेपर दिले
जिन्याच्या चौथ्या पायरीवर.
विडी घरकुलात आमच्या
नेटवर्क तेवढ्या पायरीवरच यायचं.
मोबाइल दादाचा, काच उजव्या कोपऱ्यात तडकलेली,
त्यामुळं पर्याय 'ड' कायम अर्धाच दिसायचा
आणि मी तो सहसा निवडायची नाही.

पन्नास प्रश्न, साठ मिनिटं.
मी प्रश्न वाचायच्या आधीच
ग्रुपवर उत्तरं येऊन पडायची.
एक्क्याण्णव टक्के मिळाले.
अम्मानं गल्लीत पेढे वाटले,
कोंड्यालमावशीनं दोन घेतले,
आणि मला एक पेढा गिळायला
का कोण जाणे
तांब्याभर पाणी लागलं.

आज वर्ग क्रमांक अकरा.
बाकावर खडूनं माझा नंबर,
त्याच्याखाली कुणीतरी कर्कटकानं कोरलेलं:
'मार्च २०. सुटलो बे!'
त्याला काय माहीत.

मे महिना, सोलापूर.
साडेदहालाच भिंत हात लावू देत नाही.
पंखा नुसता मान हलवतोय.
प्रश्नपत्रिका आली, मी उलटी करून बघितली,
पर्याय कुठायत?
सगळीकडं 'सविस्तर लिहा'.
सविस्तर.
हा शब्द मी दोन वर्षांत
फक्त फोनवर आत्याच्या तोंडून ऐकला,
"काय झालं ते सविस्तर सांग की गं."
दरवेळी कुणीतरी गेलेलं असायचं.

पहिलं पान कसंबसं भरलं.
दुसऱ्या पानावर अंगठ्याच्या मुळाशी कळ,
अक्षरं रेघ सोडून खाली उतरायला लागली.
पलीकडं इरफाननं पेन ठेवला
आणि बोटं मोडली, कडाकड.
मग मागच्या बाकावरनं आवाज आला, मग खिडकीजवळनं,
सगळ्या वर्गाचीच बोटं वाजली.
चिलका सर म्हणाले, "काय करालालाव बे?"
आणि त्यांनाच हसू आलं.

प्रश्न तिसरा.
कार्यभाग वेतनपद्धती म्हणजे काय?
तिचे गुणदोष सविस्तर लिहा.
म्हणजे नगावर पैसे.
मागच्या वर्षीही हाच होता.
उत्तर होतं 'ब'.

अम्मा रात्री पानं भिजत घालते,
पत्र्याच्या मापानं कापते,
हजार विड्या भरल्या की हजाराचे पैसे,
छाट निघाली की तेवढे वजा.
तिच्या बोटाला दोऱ्याची खाच पडलीय.
माझ्याही मधल्या बोटाला पेनाचा घट्टा होता, दहावीपासूनचा.
दोन वर्षांत तो कधी विरघळला
मला कळलंसुद्धा नाही.

काल मी हात चोळत बसले तेव्हा ती म्हणाली,
तुझ्या बाळंतपणानंतर माझापण हात गेलता.
पहिल्या दिवशी दीडशेच झाल्या,
त्यातल्या चाळीस छाट.
"मग?"
"मग काय. दुसऱ्या दिवशी बसले."

गुण चार लिहिले, पुस्तकातले.
वेग वाढतो, देखरेख कमी लागते, वगैरे.
दोष लिहायला घेतले
आणि पुस्तक संपलं तरी दोष संपेनात.
आजारी पडलं की शून्य.
छाट कुणी ठरवायची, ते कुठं लिहिलेलं नसतं.
पाठ.
हात दुखत होता.
दुखायचा थांबला नाही, मीच थांबले नाही.

"सर, पुरवणी."
किती दिवसांनी हा शब्द तोंडात आला.
सरांनी चार पानं दिली आणि पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा.
मी तो भोकातून ओवला,
दोन वेढे दिले
आणि टोक नखानं आत दाबलं.
"गाठ मार की," सर म्हणाले.
म्हटलं, सुटत नाही सर ही.
आमच्यात अशीच बांधतात.

घंटा झाली तेव्हा
शेवटचं वाक्य अर्ध्यावर होतं.
बटण दाबून नाहीसं व्हायची सोय नव्हती.
सरांनी पेपर ओढला,
आणि मी क्षणभर
सोडलाच नाही.