रविवारी, माणसांसोबत

डॉक्टर कोकणी मॅडमनी चिठ्ठीवर
आधी रक्तदाबाची गोळी लिहिली, मग साखरेची,
मग पेन थांबवून विचारलं,
काल कुणाशी बोललात?
दूधवाल्याशी.
काय बोललात?
अर्धा.

गोळ्यांखाली त्यांनी लिहिलं:
रविवार, पहाटे साडेपाच, बिटको चौक, बस. माणसांसोबत.
शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा.

जेलरोडच्या केमिस्टनं गोळ्या कापून दिल्या,
चिठ्ठी उलटीसुलटी पाहिली.
काका, म्हणाला, हे खालचं
आपल्याकडे येत नाही.

चौतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, आकडा केसभर सरकलेला,
जी शेजारणीसारखी दिसली नाही ती बाजूला.
डोळाच तसा घडला.
लग्नाच्या पंगतीत मला आधी वाकडी पत्रावळ दिसायची.
मालती म्हणायची, निदान पाहुण्यांना तरी
उजेडासमोर धरू नका.
ती गेल्यावर मीही
बाजूच्या गठ्ठ्यात जाऊन पडलो.
तक्रार नव्हती. नियम पाठ होता.

पहिल्या रविवारी गेलो ते एवढ्याचसाठी
की डॉक्टर असून बाईंचं अक्षर वाचता येत होतं.

बसमध्ये अकरा जण.
अंबडच्या कारखान्यातून कमी केलेला, झोप न येणारा गौतम,
देवळाली कॅम्पच्या वझिफदार बाई, पर्समध्ये दम्याचा पंप,
आणि सिन्नरच्या सरूबाई सांगळे,
विड्या वळून वळून ज्यांची बोटं
रिकामी असली तरी वळतच राहतात.
कुणी कुणाला आजार विचारला नाही.
डबा विचारला.

नांदूरमध्यमेश्वर. कादवा गोदावरीत शिरते तिथं धुकं,
धुक्यात नुसता आवाज.
वनखात्याच्या पोरीनं वही दिली, एकच दुर्बीण दिली,
म्हणाली, मोजा.

मोजणं मला येतं.
शंभराची गड्डी, शंभराची गड्डी.
सरूबाई पंचविसाच्या कट्ट्यानं.
माझे चांदवे सहाशे भरले, त्यांचे पाचशे पंच्याहत्तर.
भांडलो. चक्क भांडलो आम्ही,
पाणथळीच्या काठावर, एका कट्ट्यावरून,
आणि माझाच आवाज इतका मोठा ऐकून
मी जरा दचकलो.

मग दुर्बिणीत मुग्धबलाक आला.
चोच मिटलेली, तरी मधोमध फट.
सवयीनं हात पुढं झाला: छपाईत चूक, काढा बाजूला.
सरूबाईंनी दुर्बीण ओढून घेतली.
"आवो, त्या फटीतच तर
गोगलगाय धरतंय ते."

परतताना निफाडला चहा.
सुट्टे देताना टपरीवाल्यानं दहाची नोट दिली,
फाटकी, चिकटपट्टी लावलेली, आकडा अर्धा पुसलेला.
मी घडी घालून खिशात ठेवली.

पौषातल्या एका रविवारी उठलोच नाही.
थंडी होती. शिवाय मालतीचा दिवस.
नऊला फोन वाजला.
"सांगळे बोलतेय. आज मोजणीत एक कमी येतोय."
कुठला पक्षी?
पलीकडं जरा वेळ नुसता कलकलाट.
"पक्षी कशाला? बसमधला."

आता चार महिने झाले.
साखर थोडी उतरलीय. रक्तदाब आहे तिथंच,
त्याला पक्ष्यांचं काही पडलेलं नाही.
गौतम अजून रात्री जागाच असतो,
पण आता कधीकधी तीन वाजता
मला घुबडाचा आवाज पाठवतो.

सोमवारी मॅडमनी पट्टा सोडता सोडता विचारलं,
काल कुणाशी बोललात?

मी सांगायला लागलो.
तलवार बदकं आली इथपासून सुरू केलं,
वझिफदार बाई चिखलात बसल्या आणि उठेनात,
सरूबाईंचा आकडा पुन्हा कसा चुकला...

बाहेर चौदा पेशंट होते.
मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं.