आधी पॉवर सप्लाय

तपकीर गल्लीत, वायरींच्या भेंडोळ्यांमागे,
बागवान माझ्या यादीवर बोट ठेवतो:
"ग्राफिक्स कार्ड घ्याल हो,
पण त्याला जेवायला काय घालणार?"
साडेचारशे वॅट, मी म्हणतो.
तो हसत नाही. तेच जास्त लागतं.

"आणि मॉनिटर साठ हर्ट्झचा?
मग एकशेचाळीस फ्रेम दाखवायच्या कुणाला, शेजाऱ्यांना?"

कॅबिनेट उघडतो.
पंख्याच्या पात्यांवर सिंहगड रोडची सहा वर्षं;
उड्डाणपूल बांधून झाला,
त्याचं सिमेंट अजून इथेच.
ब्रश फिरवतो, वाळलेली पेस्ट खरवडतो,
वाटाण्याएवढी नवी लावतो,
रिकाम्या खाचेत रॅमची एक जुनी पट्टी
अंगठ्याने दाबतो. खट्.
"महिनाभर खेळा. अडलं तर या,
तेव्हा कार्डाचं बघू."

बाराशे रुपये.
बसमध्ये कॅबिनेट मांडीवर,
खिशात पस्तीस हजार तसेच, जरा हिरमुसलेले.

रात्री पंख्याचा आवाज येईना,
वाकून पाहिलं, फिरतोय ना.
फिरत होता.
तिसऱ्या मिनिटाला मेलो.
गेम कुठेच अडकला नव्हता.
मित्रांना काय सांगायचं,
ते मात्र बागवानला विचारायचं राहिलं.